ईश्वराविषयीच्या वादात तर्काला हक्काची जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे ईश्वराच्या अस्तित्वाविषयी जी चर्चा चालू आहे, ती मी पहिल्यापासून वाचत आलो आहे. काही पत्रलेखकांचे म्हणणे असे की, ईश्वर हा श्रद्धेचा विषय असल्यामुळे तेथे तर्काला प्रवेशच नाही. काहींचे म्हणणे असे की, जे दिसत नाही आणि प्रयोगाने दाखवता येत नाही ते मानणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे. मी ईश्वर मानणारा आहे, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन घेणाऱ्यांपैकी आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मला पहिल्या गटाशी अधिक बोलायचे आहे. ‘येथे तर्क नको’ हे वाक्य आज आस्तिकाच्या तोंडी फार सहज येते. आपल्या परंपरेत ज्यांनी ते उच्चारले, त्यांनी त्याची पुरेपूर किंमत मोजून उच्चारले होते.

घरोघरी होणारा एक संवाद घ्या. ईश्वर आहे हे कशावरून, असे मुलाने विचारले की वेदांत, गीतेत तसे सांगितले आहे असे उत्तर मिळते. वेद खरे कशावरून, असे त्याने पुढे विचारले की ते साक्षात ईश्वराचे शब्द आहेत, असे सांगून विषय संपवला जातो. ईश्वराचा आधार वेद आणि वेदांचा आधार ईश्वर, अशी ही मांडणी आहे. न्यायशास्त्रात तिला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, आणि हा दोष दाखवून देण्यासाठी कोणा नास्तिकाची गरज नव्हती. खुद्द ईश्वरवादी नैयायिकांनीच, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनीच, तो ओळखला होता. त्यांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो वक्ता आप्त असेल तरच, म्हणजे त्याला विषयाचे यथार्थ ज्ञान असेल आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा असेल तरच. वेदांचे प्रामाण्यही अशा वक्त्याच्या विश्वासार्हतेवर उभे आहे असे ते मानत. मग तो वक्ता मुळात आहे, हे त्याच्याच शब्दावरून कसे सिद्ध करणार? ते स्वतंत्रपणे, अनुमानाने, म्हणजे प्रतिपक्षालाही मान्य असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करून सिद्ध करावे लागेल, हे त्यांनी प्रामाणिकपणे स्वीकारले.

सुमारे हजार वर्षांपूर्वी मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ याच स्वीकृतीतून लिहिला गेला. ग्रंथाच्या आरंभीच ते म्हणतात की, कोणत्या ना कोणत्या रूपाने सगळेच ईश्वराची उपासना करतात, कारागीरसुद्धा त्याला विश्वकर्मा म्हणून भजतात, तेव्हा त्याच्याविषयी संशय तरी कसला. आणि तरीही ही चर्चा मी करतो, कारण श्रवणानंतर येणारे मनन म्हणून ही न्यायचर्चा हीसुद्धा ईश्वराची उपासनाच आहे. तर्काने श्रद्धा मलिन होते असे मानणाऱ्या माझ्या आस्तिक बांधवांनी या ओळी शांतपणे वाचाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला आत्म्याविषयी उपदेश केला तोही ‘श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’, म्हणजे आधी ऐकावे, मग त्यावर विचार करावा, मग ध्यान करावे, असा, आणि त्यातील मधली पायरी गाळून तिसरीवर उडी मारण्याची सवलत त्यांनी कोणाला दिलेली नाही. पाचव्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, उदयन हेतूंची, म्हणजे कारणांची, मालिकाच देतात: जग हे कार्य आहे म्हणून, परमाणूंचे संयोग घडवून आणणारा कोणी हवा म्हणून, विश्व धारण केले गेले आहे म्हणून, इत्यादी. त्यात श्रुतीचा, म्हणजे वेदांचा, आणि वेदवाक्यांचाही उल्लेख आहे. पण तो ‘श्रुती सांगते म्हणून’ अशा अर्थाने नाही. वेद ही वाक्यरचना आहे, आणि वाक्यरचनेला रचणारा लागतो, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे वेद सिद्धतेत आले तेसुद्धा साक्षीदार म्हणून नव्हे, तपासायची वस्तू म्हणून.

आता दुसरे टोक पाहा. सातव्या शतकातील मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्या दर्शनाचे पंडित, कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन केले. सृष्टीपूर्वी दुःख भोगणारे जीवच नव्हते तर करुणा कोणावर म्हणून त्याने सृष्टी निर्माण केली, आणि करुणेनेच निर्माण केली तर ती सगळी सुखाचीच का केली नाही, हे त्यांचे प्रश्न आजही कोणाला टाळता येत नाहीत. ते वेदनिंदक नव्हते. वेदांचा त्यांच्याइतका कडवा समर्थक शोधूनही सापडणार नाही. त्यांना ईश्वराची गरज पडली नाही, कारण त्यांच्या मते वेद अपौरुषेय आहेत, ते कोणाचेच शब्द नाहीत, आणि म्हणून वक्त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्नच उद्भवत नाही. श्रीरामानुजाचार्यांनीही वेद अपौरुषेय मानले, पण त्यांच्यासाठी ईश्वर हेच सर्वस्व होते. ब्रह्मसूत्रांवरील ‘श्रीभाष्या’त ‘शास्त्रयोनित्वात्’ या सूत्रावर लिहिताना या परम भक्ताने ईश्वर सिद्ध करू पाहणारी अनुमाने एकेक करून मोडून काढली आणि ब्रह्म केवळ शास्त्रानेच कळते, असे ठामपणे मांडले. ‘येथे अनुमान पोहोचत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता, कारण अपौरुषेयत्वाचा अवघड सिद्धांत त्यांनी खांद्यावर घेतला होता. आणि अनुमान पोहोचत नाही हेदेखील त्यांनी युक्तिवादानेच दाखवले. ‘विचारू नका’ असे सांगून नव्हे.

आजचा बहुसंख्य श्रद्धाळू वाचक मात्र वेद किंवा गीता ‘देवाने सांगितली’ असे मानतो. म्हणजे तो नैयायिकांच्या जागेवर उभा आहे, आणि त्या जागेवर उभे राहून रामानुजांचे वाक्य त्याला वापरता येणार नाही. एक तर त्याने नैयायिकांप्रमाणे तर्काच्या रणांगणात उतरावे, किंवा आपले ग्रंथ कोणाचेच शब्द नाहीत हे मत पेलून दाखवावे. तिसरा एक मार्ग आहे: ‘माझ्याकडे सिद्धता नाही, मी विश्वास ठेवतो’ असे सरळ सांगणे. तो मार्ग मला पूर्णपणे सन्माननीय वाटतो, फक्त मग त्या विश्वासाला सिद्धता म्हणून दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

तर्काच्या रणांगणात उतरले तर काय होते, हे पाहण्यासाठी नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहेत. ती पाहताच ‘हे कोणीतरी कोरले’ असे आपण म्हणतो, आणि ते बरोबर असते. नैयायिकांचे प्रसिद्ध अनुमान याच घाटाचे आहे: घट हे कार्य आहे आणि त्याला कर्ता आहे, पृथ्वी आदी जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता आहे. पण लेण्यांकडे जरा बारकाईने पाहू. कोरणारे होते हे खरे, मात्र तो एकच होता असे कोणी म्हणणार नाही, कारण ही चोवीस लेणी काही शतकांच्या अवधीत कोरली गेली. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, दहाव्यात शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, अन्यत्र यवन, म्हणजे ग्रीक, दात्याचाही उल्लेख आहे. शक आणि सातवाहन हे तर एकमेकांचे शत्रू. कार्य पाहून कर्ता मानला, तरी कर्ता एक की अनेक, एकमताचे की परस्परविरोधी, हे कार्यावरून ठरत नाही. रामानुजांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता की, मोठी कामे अनेकांच्या हातून होताना दिसतात, तर मग जगाचा कर्ता एकच कशावरून? स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमच्या १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या संवादांतही हाच प्रश्न आढळतो. एकाने तो ईश्वरावरील निस्सीम भक्तीतून विचारला आणि दुसऱ्याने संशयातून, म्हणून प्रश्नाचे वजन बदलत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लेणी कोरली आहेत हे आपल्याला कळते, कारण छिन्नी चालवणारी माणसे आपण पाहिली आहेत आणि आपोआप घडलेले खडकही पाहिले आहेत. दोहोंतला फरक आपल्याला ठाऊक आहे. ज्या कातळात ही लेणी आहेत तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, आणि ब्रह्मगिरीही त्याच लाव्हाच्या थरांचा आहे. त्या कातळाविषयी ‘हेही कोणीतरी केले’ असे म्हणताना आपण नकळत तोच फरक पुसून टाकतो, ज्याच्या बळावर लेण्यांना कर्ता आहे हे आपल्याला कळले होते. अकराव्या शतकात विक्रमशिला विहारातील बौद्ध पंडित रत्नकीर्ती यांनी ईश्वरसाधक अनुमानाच्या दूषणासाठी स्वतंत्र प्रबंध लिहिला, त्यातील आक्षेपाचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे येथेच आहे: ज्या प्रकारच्या कार्यांना कर्ता असतो हे आपण पाहिले आहे, त्या प्रकाराबाहेर व्याप्ती, म्हणजे ‘कार्य तेथे कर्ता’ हा नियम, ताणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय पाहिलेले सगळे कर्ते देहधारी आणि मर्यादित ज्ञानाचे आहेत. उदाहरण तंतोतंत लावायचे, तर जगाचा कर्ताही देहधारी आणि मर्यादित ठरेल. तसे नको असेल, तर उदाहरणाचा आधार सुटतो. नैयायिकांनी यावर उत्तरे दिली आहेत आणि ती हलकी नाहीत, पण वाद निर्णायकपणे त्यांच्या बाजूने संपला असे आस्तिक असूनही मला म्हणवत नाही.

दुसऱ्या गटातील पत्रलेखकांनी यावरून विजय घोषित करण्याची घाई करू नये. एखादी सिद्धता मोडली म्हणजे ती गोष्ट नाही असे ठरत नाही. एवढेच ठरते की, त्या वाटेने ती सिद्ध होत नाही. ‘दिसत नाही, म्हणून नाही’ या म्हणण्याला तर उदयनांनी तिसऱ्या स्तबकात फार मार्मिक उत्तर देऊन ठेवले आहे. समोरच्या टेबलावर घट असता तर तो दिसलाच असता, म्हणून तो न दिसणे हे त्याच्या अभावाचे प्रमाण आहे. पण जी वस्तू मुळात दिसण्याजोगी नाही, तिचे न दिसणे कशाचेही प्रमाण होत नाही. हा भेद लक्षात न घेता ‘दुर्बिणीतून देव सापडला नाही’ असे लिहिणे हा विवेकवाद नव्हे. त्याच न्यायाने ‘तुम्हाला देव नाही असे सिद्ध करता येत नाही, म्हणून तो आहे’ हे आमच्या बाजूचे आवडते वाक्यही आम्ही सोडून दिले पाहिजे.

पाश्चात्त्य परंपरेतही हा ताण काही कमी नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ईश्वराचे अस्तित्व बुद्धीने कळू शकते, पण त्रैक्यासारखी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच ईश्वर) ख्रिस्ती तत्त्वे केवळ श्रद्धेने, अशी सीमा आखली. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने तर ईश्वर बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे जाणता येतो, हे धर्मसिद्धांत म्हणून घोषित केले. बुद्धीचे सामर्थ्यही श्रद्धेच्या अधिकाराने जाहीर करावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. उलट जर्मन तत्त्वज्ञ कांटने आपल्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या १७८७ च्या प्रस्तावनेत श्रद्धेला जागा करून देण्यासाठी मला ज्ञानाचा दावा बाजूला सारावा लागला, असे लिहिले.

आपल्याला अधिक जवळचा आहे तो १८३९ ते १८४५ या काळातील ‘मतपरीक्षे’चा वाद. जॉन म्यूर या स्कॉटिश विद्वानाने धर्माची परीक्षा तर्काने करावी असे म्हणत संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहिली, पण परीक्षेसाठी निवडलेल्या कसोट्या, म्हणजे संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता, अशा होत्या की त्याचाच ख्रिस्ती धर्म उत्तीर्ण व्हावा. सुबाजी बापू या मराठी पंडितांनी सोमनाथ या नावाने त्याला उत्तर दिले, आणि काशीतील तरुण नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून तर्काने शास्त्रश्रद्धेच्या मागून चालावे अशी भूमिका घेतली. हेच गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८६० मध्ये त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही हिंदू दर्शनांना तर्काच्या कसोटीवर घासले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण या साऱ्या वादात जे दिसते ते आजच्या पत्रव्यवहारातही दिसते: दुसऱ्याच्या श्रद्धेला तर्काची कसोटी आणि आपल्या श्रद्धेला तिच्यातून सूट. शेजारच्या धर्मातील चमत्कार ऐकून ‘पुरावा काय’ असे विचारणाऱ्याने आपल्या पोथीतील चमत्कारालाही तोच प्रश्न विचारायला हवा.

काही वाचकांनी विज्ञानाने ईश्वर सिद्ध केला आहे असे लिहिले आणि महास्फोटाच्या (बिग बँग) सिद्धांताचा दाखला दिला. या सिद्धांताचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात विश्वाच्या आरंभाविषयीच्या या संशोधनातून सृष्टिकर्त्याला पुष्टी मिळते अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत हा भौतिकशास्त्राचा आहे आणि धार्मिक प्रश्नांच्या तो बाहेर आहे, अशीच त्यांची धारणा होती. आपल्या श्रद्धेसाठी आपलेच शास्त्र साक्षीला उभे न करण्याचा हा संयम मला अत्यंत श्रद्धावान माणसाचा वाटतो. वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो, आणि त्यावर टेकवलेला ईश्वरही मग त्याच्याबरोबर डळमळतो.

उरला अनुभव. वारकरी म्हणून मला हा विषय सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभव’ रचला असे परंपरा सांगते. त्यात ज्ञानदेव म्हणतात की, शिवाने किंवा श्रीवल्लभाने, म्हणजे श्रीकृष्णाने, सांगितले आहे म्हणून आपण हे मानतो असे नाही. ते बोलले नसते तरी ते लाभण्याजोगेच आहे. गीतेवर नऊ हजार ओव्या लिहिणारा महापुरुष गीता सांगणाऱ्याच्या अधिकाराचाही टेकू घेत नाही, याहून मोठे धैर्य कोणते? परंतु यातून ‘संतांना अनुभव आला, म्हणून ईश्वर आहे’ असा युक्तिवाद आपण करू लागलो, तर आपण ज्ञानदेवांच्या नेमके उलट वागतो. ज्याला अनुभव आला त्याच्यासाठी तो अनुभव आहे; मी तो सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यासाठी तो शब्दच असतो, आणि मग सांगणारा आप्त आहे का, त्याच्या अनुभवाचा अर्थ त्याने बरोबर लावला का, निरनिराळ्या पंथांच्या साधकांचे अनुभव परस्परविरोधी का, हे सारे प्रश्न परत येतात. त्यांना उत्तर देण्यासाठी पुन्हा तर्कच लागतो.

मग श्रद्धेचे काम काय? तर्काने फार तर कर्ता हाती लागेल, ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न असलेला एक कर्ता. तो माझी हाक ऐकतो, त्याला माझे बरेवाईट कळते, त्याला माउली म्हणावे, हे कोणत्याही हेतूवरून निघत नाही. अनुमानातून निघणारा निष्कर्ष आणि भक्ताचा विठ्ठल यांच्यामधले अंतर श्रद्धेनेच ओलांडावे लागते, आणि ते ओलांडणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही, कारण मीही ते ओलांडले आहे. मात्र ओलांडले हे मला माहीत असले पाहिजे. हे अंतर नव्हतेच, सगळा रस्ता सिद्धतेचाच होता, असे मी दुसऱ्याला सांगू लागलो, तर ती फसवणूक होईल.

याच नाशिकमध्ये ‘श्रद्धेचा विषय आहे, प्रश्न नको’ या वाक्याने काय केले, हेही विसरता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला आणि तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार अडवणाऱ्यांची रामावर श्रद्धा नव्हती असे मी म्हणत नाही. तिला प्रश्न विचारण्याची मुभा कोणालाच नव्हती, त्यांना स्वतःलाही नव्हती, आणि त्याची शिक्षा दुसऱ्यांनी भोगली.

‘न्यायकुसुमांजली’च्या अखेरीस उदयन ईश्वराला उद्देशून बोलतात. एवढ्या श्रुती आणि युक्तींच्या पाण्याने धुतल्यानंतरही ज्यांच्या हृदयात तू स्थान घेत नाहीस त्यांची हृदये पाषाणाची खरी, पण तुझ्या विरोधात का होईना, ते तुझेच उत्कट चिंतन करतात, म्हणून हे करुणावंता, योग्य वेळी त्यांनाही तूच तारावेस, अशी ती प्रार्थना आहे. त्यात आपल्या बाजूविषयी पूर्ण खात्री आहे, थोडी कठोरताही आहे, पण प्रतिपक्षाचे तोंड बंद करण्याची इच्छा नाही.

यावरून माझी एक विनंती आहे. सिंहस्थ जवळ येत आहे, आणि त्या काळात नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे ईश्वर, धर्म आणि अध्यात्म यांवर असंख्य प्रवचने व व्याख्याने होतील. त्यांपैकी काही तरी सभा जुन्या शास्त्रार्थाच्या पद्धतीने व्हाव्यात: आधी पूर्वपक्ष, तोही प्रतिपक्षातल्या जाणत्या माणसाने स्वतः मांडलेला, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. बौद्ध, जैन, मीमांसक आणि आजचे विवेकवादी यांना एकाच व्यासपीठावर बोलवावे. आपल्या दैनिकानेही या विषयावरील पत्रे छापताना ईश्वराच्या बाजूचे आणि विरोधाचे एकेक पत्र शेजारीशेजारी छापावे, आणि दोन्ही लेखकांना समोरच्याच्या सर्वांत बळकट मुद्द्याला उत्तर देण्याची अट घालावी. आस्तिकांच्या बाजूने असे पहिले पत्र लिहायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक
पंचवटी, नाशिक